फिटरमामा आणि सहा डिग्रीतलं अंडं

फिटरमामांना गळती सहन होत नसे. तशी आपल्यालाही होत नाही, पण आपण नळाखाली बादली लावतो आणि चार दिवस विसरून जातो. मामांचं तसं नव्हतं. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले आणि आत मोरीत नळ टपटपत असला, की त्यांचं गप्पांत लक्ष लागायचं नाही. हातातला चहा खाली ठेवून "आलोच" म्हणायचे, खिशातून पाना काढायचे आणि सरळ मोरीत. यजमान बघत राहायचे. मामी, म्हणजे त्यांची बायको, खाली मान घालून बिस्किट खात बसायची. इतक्या वर्षांत तिची लाजही झिजून गेली होती.

त्यांचं लग्नसुद्धा नळामुळेच जमलं. मामी तेव्हा शिवणक्लासात शिकवायची आणि तिथला नळ दुरुस्त करायला हा तरुण फिटर आला. त्याने तो नळ असा आवळला, असा आवळला, की तीन दिवस क्लासातल्या कुणालाच उघडता येईना. चौथ्या दिवशी मामी तो काम करत होता त्या बर्फाच्या कारखान्यात गेली आणि सगळ्यांसमोर त्याला झाप झाप झापलं. त्याने मान वर केली नाही. ती निघाली तेव्हा फक्त म्हणाला, "पण थेंब पडतोय का, तेवढं सांगा." मामी ही गोष्ट आजही सांगते आणि शेवटी म्हणते, "तेव्हाच ओळखायला हवं होतं मी." घरातल्या बरण्यांची झाकणं तिला अजूनही उघडत नाहीत.

बर्फाचा कारखाना बंद पडल्यावर मामा मत्स्यालयात लागले, त्याला एकतीस वर्षं झाली. वर लोक काचेला नाक लावून मासे बघायचे, खाली तळघरात मामा पाइप बघायचे. पंप, गाळण्या, पाणी थंड करणारी यंत्रं, सगळं त्यांच्या ताब्यात. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून ऐकायचे आणि सांगायचे, "बेअरिंग रडतंय आत. आठवडाभर चालेल." आठव्या दिवशी ते बेअरिंग जायचंच. मत्स्यालयाचे मोठे साहेब पाहुण्यांना सगळी इमारत फिरवायचे, तळघर तेवढं सोडून. मामा म्हणायचे, मला त्याचं काही वाटत नाही. वाटायचं थोडं. एकतीस वर्षं इतके जीव जगवले, पण हा जीव माझ्यामुळे जगला असं बोट दाखवून म्हणावं असा एकही नव्हता.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना ते अंडं आलं.

एका मासेमारी बोटीच्या जाळ्यात खोल पाण्यातल्या पोवळ्याची तुटलेली फांदी आली होती आणि त्या फांदीला काहीतरी तपकिरी, चिवट गुंडाळलेलं होतं. कप्तानाने ते गार पाण्याच्या डब्यात घालून मत्स्यालयात आणून दिलं, कारण इथे शार्कबाई आहेत हे अख्ख्या बंदराला माहीत होतं. शार्कबाई म्हणजे इथल्या संशोधक. चाळिशीतल्या, किडकिडीत, आणि बोलायला लागल्या की समोरच्याला पाणी प्यायलाही उठू न देणाऱ्या. त्यांनी डबा उघडला, आत बघितलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. मग पहिलं काम काय केलं, तर तळघरात फोन लावून मामांना बोलावलं.

"मामा, हे शार्कचं अंडं आहे. नऊशे मीटर खोल पाण्यातल्या शार्कचं."

मामांनी डब्यात डोकावलं. मधल्या बोटाएवढी चपटी थैली, चष्म्याचं घर लहान करावं तशी. चार कोपऱ्यांतून लांब दोरे निघालेले आणि ते फांदीला घट्ट गुंडाळलेले. गाठ मारणारीचं काम मामांना आवडलं.

"शार्क अंडी घालतात?"

"काही पिल्लंच देतात. ही अंडी घालते. एका वेळी दोन. थंड पाण्यातलं पोवळं शोधते, जिथून पाण्याचा प्रवाह जातो अशी फांदी बघते, तिला हे दोरे गुंडाळते आणि चालू पडते. पुन्हा फिरकत नाही."

"मग याला बघतं कोण?"

"कोणी नाही. आत पिवळा बलक आहे, तोच शिदोरी. त्यावर वर्षभर काढायचं, कदाचित जास्त. नक्की किती ते, खरं सांगू, आम्हालाही ठाऊक नाही." बाई जरा थांबल्या, आणि हे क्वचित व्हायचं. "पाणी सहा डिग्री लागेल. पाचाच्या खाली नको, साताच्या वर नको. एक दिवस नाही, रोज. मामा, हे जगणार की जाणार ते आता तुमच्या यंत्रावर आहे."

मामांनी नुसती मान हलवली. घरी जाऊन मात्र हे वाक्य त्यांनी मामीला तीन वेळा ऐकवलं. तिसऱ्या वेळी मामी म्हणाली, "कळलं हो, आता हात धुऊन जेवायला बसा."

तळघराच्या टोकाला सामानाची एक खोली होती, ती मामांनी आठवड्यात थंड खोली करून टाकली. भिंतींना जाड थर, दाराला दुहेरी रबर, एक यंत्र बंद पडलं तर आपोआप सुरू होणारं दुसरं, आणि दुसऱ्यावर विश्वास नाही म्हणून तिसरं. मधोमध छोटी टाकी, तिच्यात ती फांदी जशीच्या तशी उभी. खोलीत दिवा नाही. बघायचं झालं तर मंद लाल बॅटरी, कारण तिथल्या जिवांना लाल उजेड दिसत नाही. इतक्या खोल तो पोचतच नाही. खोलीच्या किल्ल्या दोनच, एक बाईंकडे, एक मामांकडे.

बाई रोज दुपारी यायच्या, अंड्यामागे लाल बॅटरी धरायच्या आणि पापड उन्हात धरल्यासारखी ती थैली आरपार दिसायची. आत बलकाचा गोळा आणि त्याला नाळेने चिकटलेला, टाचणीएवढा जीव. तो सारखी शेपटी हलवायचा. एका मिनिटात किती वेळा हलली ते मोजायचं आणि वहीत लिहायचं, असा नेम. मामा यंत्र बघायच्या निमित्ताने तिथेच घुटमळायचे आणि बाई बोलत राहायच्या.

"नऊशे मीटरवर दाब किती असेल," मामा एकदा म्हणाले. "माझा पाइप चेपून पापड होईल. मग हे मासे कसे राहतात?"

"चेपते ती हवा. यांच्या अंगात हवेची पिशवीच नाही. बाकीचे मासे फुगा घेऊन तरंगतात, यांच्याकडे यकृत. मोठं, तेलाने भरलेलं. तेल पाण्याहून हलकं, म्हणून बुडत नाहीत."

"म्हणजे तेलाची टाकी."

"तेलाची टाकी, आणि नाकावर बारीक बारीक छिद्रं. समोर कोळंबी चिखलात लपली असली तरी तिच्या अंगातली इवलीशी वीज यांना नाकाने कळते. डोळे मोठे, हिरवे, मिळेल तो उजेड दोनदा वापरणारे. अंग मऊ, लिबलिबीत. घाई म्हणून कशाची नाही. मोठी झाली तरी दोन फुटांच्या वर जात नाही ही जात."

हे शेवटचं मोठ्या साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी मनात जबडा वासलेल्या राक्षसाची पाटी रंगवून ठेवली होती. मामांना मात्र ते सगळं पटलं. टेस्टर नाकातच, तेलाची टाकी पोटात, फालतू जोडकाम नाही. कुणीतरी डोकं लावून बसवलेलं काम वाटलं त्यांना. आणखी एक गोष्ट बाईंनी सांगितली होती. "जवळ कुणी आलंय असं वाटलं, तर हे एकदम गप्प होतं. शेपटी बंद, श्वास बंद. खाणारा निघून जाईपर्यंत मेल्यासारखं पडून राहतं." तेव्हापासून मामा खोलीत चपला काढून शिरायला लागले. सहा डिग्रीत, अनवाणी. मामीने जाड मोजे विणून दिले आणि वर चार शब्दही सुनावले.

असे एकशे चाळीस दिवस गेले. टाचणीचा आता करंगळीच्या पेराएवढा मासा झाला होता. मामा त्याला "आमचं" म्हणायला लागले होते. आमचं आज पंचावन्न हललं. आमच्याला आज डोळे दिसले. मामी म्हणायची, "आपल्या मुलीचं पहिलं पाऊल कधी पडलं ते तुम्हाला ठाऊक नाही, पंपावर होता तुम्ही." मामा म्हणायचे, "म्हणून तर."

एकशे एकेचाळिसाव्या दिवशी शार्कबाई आठ दिवसांसाठी बोटीवर गेल्या. तिथे फोन लागत नाही. जाताना म्हणाल्या, "वही आहे, बॅटरी आहे, रोज मोजा. तुम्हाला काय सांगायचं मामा, तुम्ही माझ्याहून नीट करता." मामांची छाती दोन इंच फुगली. आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यातली हवा गेली.

लाल बॅटरी धरली तर अंड्याच्या एका कोपऱ्याशी बारीक चीर. काल नव्हती. डोळे बारीक करून बघितलं, तर चारही कोपऱ्यांशी एकेक. आणि एका चिरेतून पारदर्शक, चिकट तार बाहेर येऊन पाण्यात लोंबत होती.

अंडं गळत होतं.

आतलं बाहेर चाललंय आणि बाहेरचं खारं पाणी आत चाललंय, याचा अर्थ त्यांच्या हिशेबाने एकच होता. बाई नाहीत, विचारायला कोणी नाही, आणि समोर गळती. आता या माणसाकडून तुमची काय अपेक्षा आहे? एकतीस वर्षं टाक्यांच्या काचांच्या फटी जिने बुजवल्या, ती पाण्यातच घट्ट होणारी लांबी, म्हणजे पुट्टी, त्यांनी कपाटातून काढली. माशांना ती बाधत नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. चिमूटभर मळली, दाण्याएवढे चार गोळे केले आणि गार पाण्यात हात घालून, श्वास रोखून, चारही चिरा अशा सफाईने बुजवल्या की बघत राहावं. आयुष्यातलं सगळ्यात नाजूक काम होतं ते. वहीत लिहिलं: "अंडं चार जागी फाटलं. बंद केलं."

दुसऱ्या दिवशी शेपटी चौऱ्याहत्तर वेळा हलली. इतकी कधीच हलली नव्हती. मामांच्या जिवात जीव आला. घरी येऊन म्हणाले, "आमचं नाचतंय नुसतं." त्या दिवशी मामीला तीन बरण्या उघडून मिळाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोजली, एकोणीस.

परत मोजली. एकोणीस. यंत्रं बघितली, पाणी सहा डिग्री. हवेचा पंप बघितला, ठणठणीत. लांबीवर बोट फिरवलं, एक थेंब ये-जा करत नव्हता. सगळं होतं तसं होतं आणि आतलं पिल्लू मंदावत चाललं होतं. मामा दुपारी घरी जेवायला आले ते पाटीसारखा कोरा चेहरा घेऊन.

मामी शिवणयंत्रावर कुणाचा तरी कोट शिवत होती. ताट झाकून ठेवलेलं तसंच राहिलं. मामा उंबऱ्यापाशी बसून राहिले तेव्हा तिने पाय थांबवला.

"काय झालं?"

"आमचं जातंय बहुतेक."

मामी उठून शेजारी येऊन बसली. मामांनी सगळं सांगितलं. चिरा, ती तार, लांबी, चौऱ्याहत्तर, एकोणीस. मग तिने विचारलं, "चिरा कुठे होत्या?"

"चार कोपऱ्यांना."

"चारीही कोपऱ्यांना? मधे कुठेच नाही?"

"नाही."

"सगळ्या एका मापाच्या?"

"अगदी मापून घेतल्यासारख्या."

"कडा कशा होत्या? दोरे निघालेले, कातरलेले?"

मामा आठवायला लागले. "नाही. गुळगुळीत. काज केल्यासारख्या."

मामीने यंत्राखालचा कोट ओढून मांडीवर घेतला आणि मागची चीर उघडून त्यांच्यापुढे धरली. "हे काय आहे? फाटलंय का हे? बसताना ताण येऊ नये म्हणून ही ठेवलीय मी. अहो, फाटतं ते कुठेही फाटतं, वेडंवाकडं फाटतं. चार कोपऱ्यांत मापून कोण फाटतं? त्या शार्किणीने चिरा ठेवून दिल्यात तिथे. वेळ झाली की उघडायच्या. पोर मोठं झालं, त्याला वारा नको? आणि तुम्ही..." तिने मामांचं तोंड बघितलं आणि पुढचं वाक्य गिळलं.

मामांना एका क्षणात सगळं लख्ख दिसलं. शेपटी का हलत होती सारखी? पाणी हलवायला. चिरा उघडल्या की तीच शेपटी ताजं पाणी आत ओढणार आणि शिळं बाहेर ढकलणार. पंप होता तो. एकतीस वर्षं पंपांना कान लावणाऱ्या माणसाला समोरचा पंप ओळखता आला नव्हता. त्यांनी त्याचे चारही पाइप बुजवून ठेवले होते. ती चौऱ्याहत्तर म्हणजे नाच नव्हता. जीव घुसमटत होता तो.

"ती लांबी घट्ट व्हायला किती वेळ लागतो?" मामीने चपला घालता घालता विचारलं.

"वरच्या उबदार टाकीत असेल तर एक दिवस. सहा डिग्रीत..." मामा उठलेच. "सहा डिग्रीत चार दिवस घट्ट होत नाही ती."

दोघं अक्षरशः पळत सुटली. मामीने निघताना टाके उसवायची बारीक आकडी तेवढी उचलली होती. रस्त्यावर लोक बघत होते, साठीकडे झुकलेलं जोडपं, त्यातली बाई पुढे. मत्स्यालयाच्या दारावरच्या रखवालदाराने "मामी, तिकीट" म्हणेपर्यंत ती जिना उतरून गेली होती.

थंड खोलीत मामांनी लाल बॅटरी धरली. मामी पुढे झाली. तिने बाह्या वर सारल्या, पाण्यात हात घातला, आणि "आई गं" एवढंच म्हणाली. मग पहिल्या चिरेशी आकडी टेकवून ती लांबी कडेकडेने सोडवायला लागली, महागाच्या रेशमावरचा चुकलेला टाका उसवावा तशी. कापड ओढायचं नाही, दोरा ओढायचा. पहिला गोळा अख्खा सुटून आला. दुसराही. तिसऱ्याचे दोन तुकडे झाले. चौथा कडक व्हायला लागला होता. मामीची बोटं लाल झाली, मग पांढरी पडली. मामा म्हणाले, "मी करू का?" ती म्हणाली, "तुम्ही पुष्कळ केलंय." चौथा गोळा कण कण करून निघाला.

आता आत बघितलं. शेपटी हलत नव्हती.

मामांनी घड्याळ धरलं. एक मिनिट गेलं. शून्य. दुसरं मिनिट. शून्य. करंगळीच्या पेराएवढा तो जीव बलकाला टेकून निपचित पडला होता, आणि मामीने मामांचा हात धरला. मग मामांनाच आठवलं. "जवळ कुणी आहे असं वाटलं की ते गप्प होतं," ते कुजबुजले. "आपण इथे आहोत. तू एवढा वेळ त्याच्या घराशी खुडबुड करत होतीस."

"म्हणजे मेलंय की लपलंय?"

"ते कळायला मार्ग नाही. बाजूला व्हायचं."

दोघं भिंतीला टेकून खाली बसली. बॅटरी बंद. हलायचं नाही, बोलायचं नाही. मामांनी अंगातला कोट काढून मामीच्या हातांवर घातला. यंत्रांचा आवाज तेवढा चालू होता आणि मामांना आयुष्यात पहिल्यांदा त्या आवाजाने धीर येईना. देवावर त्यांचा फार भार नव्हता, तरी त्यांनी मनात म्हटलं, पाहिजे तर माझी नोकरी घे, ही खोली काढून घे, पण याला राहू दे. असा अर्धा तास गेला. मग मामा गुडघ्यांवर रांगत टाकीपाशी गेले आणि लांबून, अगदी तिरका, लाल उजेड टाकला.

शेपटी हलली. थांबली. परत हलली.

मिनिटात बारा. मामा रांगतच परत आले आणि मामीच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. मामीही रडली, मग म्हणाली, "आता बाहेर चला, मला बोटं आहेत का ते बघायचंय." संध्याकाळपर्यंत तीस झाली. दुसऱ्या दिवशी एक्कावन्न.

बाई परत यायच्या आदल्या दिवशी मामा वही घेऊन बसले. मामी म्हणाली, "लिहायलाच हवं का? वाचलं ना ते." मामा म्हणाले, "त्या अंड्याबद्दल खोटं लिहायला माझा हात धजत नाही." आणि त्यांनी सगळं लिहिलं. किती वाजता बुजवलं, किती वाजता उघडलं, मधे किती हललं. खाली लिहिलं: "चूक माझी. सोडवलं मामीने."

शार्कबाईंनी वही उभ्या उभ्या वाचली आणि मग परत वाचली. बोलायला लागल्या की न थांबणाऱ्या बाई गप्प झाल्या होत्या, आणि ते फार वाईट होतं. शेवटी म्हणाल्या, "मामा, अंड्याला लांबी? अंड्याला?" मामांनी मान वर केली नाही. बाईंनी हात पुढे केला आणि मामांनी खिशातून किल्ली काढून त्यावर ठेवली.

तीन आठवडे मामा खोलीबाहेरची यंत्रं बघत राहिले. आत गेले नाहीत, बाईंना काही विचारलंही नाही. घरी नळ टपटपला तर तोही त्यांनी दोन दिवस तसाच टपटपू दिला, तेव्हा मात्र मामी घाबरली. तिने नवीन मोजे विणले आणि ते घेऊन सरळ शार्कबाईंपुढे जाऊन उभी राहिली. आत काय बोलणं झालं ते दोघींनीही कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मामांच्या हत्यारांच्या डब्याशेजारी किल्ली होती आणि बाई दारात उभ्या होत्या. "चिरांतला चीक विरघळून त्या कोणत्या दिवशी उघडतात, ते या वहीमुळे आम्हाला कळलं," त्या म्हणाल्या. "राग गेला नाहीये माझा. किल्ली घ्या, पण पाना बाहेर ठेवून आत जायचं." मामांनी पाना तिथल्या तिथे खिशातून काढून डब्यावर ठेवला.

चारशे दोनाव्या दिवशी सकाळी दहाला अंड्याचं एक टोक उघडलं. बलक संपून गेला होता आणि आत पिल्लाला वळायलाही जागा नव्हती. बाईंनी मामीलाही बोलावून घेतलं. तिघं अंधारात, मोजे घालून, लाल उजेडाच्या कडेला. आधी नाक आलं, मग डोकं, मग कल्ल्यांपर्यंतचं अंग. आणि तिथे सगळं थांबलं.

अकरा वाजले. बारा वाजले. पिल्लू अर्धं आत, अर्धं बाहेर, हलतही नव्हतं. एक वाजता बाई उठल्या, बसल्या, परत उठल्या. दोनला त्यांनी मऊ टोकाचा चिमटा घेतला. "अडकलंय," त्या म्हणाल्या. "दमून जाईल ते. नुसती कड जरा सैल करते." चिमटा पाण्यात शिरला.

मामांनी त्यांचं मनगट धरलं. एकतीस वर्षांत मामांनी कुणा बाईसाहेबांचा हात धरला नव्हता.

"बाई, हात काढा."

"मामा, मरेल ते."

"मरेल कदाचित. पण अडकलंय की थांबलंय, ते आपल्याला कळत नाही. मी एकदा मदत करून बसलोय."

बाईंनी चिमटा बाहेर काढला. मामांनी आपले दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांवर बसून राहिले. मामी सांगते, तो माणूस इतका घामाघूम झालेला तिने कधी बघितला नाही, सहा डिग्रीत. बोटं वळवळत होती, ती तिला मांडीखालून दिसत होती. पाऊण तास गेला. मग पिल्लाने एकदा अंग ताणलं, शेपटीचा एकच फटका मारला आणि अलगद बाहेर आलं. बोटभर, काळं, पुरतं शार्क. जरा वेळ तळाशी पडून राहिलं, मग पोवळ्याच्या फांदीला वळसा घालून पलीकडच्या अंधारात गेलं. तिघांपैकी कुणाकडेही त्याने ढुंकून बघितलं नाही.

बाई डोळे पुसत वही शोधायला लागल्या. वेळ लिहिली, पिल्लाची लांबी लिहिली, शेपटीने मारलेला फटका लिहिला. मग पेन थांबवून म्हणाल्या, "मामा, तुमचं काय लिहू? काय केलंत तुम्ही?"

"काही नाही केलं, असं लिहा," मामा म्हणाले.

बाईंनी तसंच लिहिलं: मामांनी काही केलं नाही. मामीने ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाली, "हे पान मला द्या, घरी लावून ठेवायचंय." मामांना ते ऐकूच गेलं नाही, ते पलीकडच्या काचेपाशी जाऊन वाकले होते.